तेहतीस गोपद्मं

चातुर्मासात मी रोज सकाळी दारापुढे रांगोळीने तेहतीस गोपद्मं काढायची, म्हणजे गाईच्या खुरांची पावलं. ती काढून होईपर्यंत चहा घ्यायची नाही. पाच वर्षांचा वसा होता, आणि २००६ साली पाचवं वर्ष चालू होतं. आम्ही तेव्हा अमेरिकेतल्या बॉथेलपासून अर्ध्या तासावर, देवदारांच्या जंगलाला लागून असलेल्या दुमजली घरात भाड्याने राहत होतो. ड्राइव्हवेपासून दारापर्यंत सिमेंटची पायवाट होती, तिच्यावर छप्पर होतं. त्या वाटेवर मी पावलं एकापुढे एक काढायची, कोणी चालत दाराशी आल्यासारखी. पोथीत तसं नसेल, पण माझी आई तशीच काढायची.

मी सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम करते. जे दिसलं तेवढं लिहायचं. ते का झालं, हे शोधणं दुसऱ्याचं काम. पुढचंही मी तसंच लिहिते आहे.

शेजारच्या घरात डॉक्टर प्रतापकाका राहायचे. मूळचे कोल्हापूरचे, निवृत्त सर्जन, सत्तरी ओलांडलेले. इतर डॉक्टर अमेरिकेत येऊन गोल्फ शिकले, काका धनुष्यबाण शिकले. दर सप्टेंबरात ते हरणांच्या शिकारीसाठी आपल्या हद्दीतल्या मचाणावर पहाटेपासून बसायचे. माझ्या घरात मुंगीसुद्धा कागदावर उचलून बाहेर सोडतात, हे त्यांना माहीत होतं. म्हणून ते त्या विषयावर माझ्याशी कधी बोलले नाहीत.

त्या सप्टेंबरातल्या एका गुरुवारी मात्र पावलं पाहून ते थांबले.

"ही गं कसली गाय? खूर बघ किती निमुळते. ही तर हरणी आहे."

"काका, उगाच काहीतरी!"

"आणि डावा मागचा पाय ओढतेय. लंगडं जनावर दारात बोलावतेस होय?"

मी वाकून पाहिलं. एकाआड एक डाव्या पावलाला मागे बारीकशी शेपटी आली होती. माझं बोट घासलं असेल. शुक्रवारी आणि शनिवारी मी प्रत्येक पाऊल झाल्यावर हात मुद्दाम वर उचलला. शेपटी तरीही उमटत होती.

शनिवारी शंतनू, माझा नवरा, रात्रभर रिलीजचं काम करून सहाला वरच्या खोलीत झोपला होता. साडेसहाला मी पावलं पूर्ण केली, दार ओढून घेतलं, किल्ली जॅकेटच्या खिशात टाकली आणि पूजेला फुलं आणायला मागच्या बाजूला गेले. डेलिया भरपूर आला होता. परडी भरायला पाऊण तास लागला. परत आले तर काका ड्राइव्हवेच्या तोंडाशी उभे होते. हातात एक बाण होता. पायरीवर पाय टाकावा की नाही, असं विचारणाऱ्या पाहुण्यासारखे ते हद्दीच्या रेषेबाहेर थांबले होते.

"मीनाक्षी, तुझी परवानगी हवी. माझं जनावर तुमच्या जागेत आलंय."

बाण शेवटपर्यंत काळपट, ओला होता. काकांनी तो नाकाशी नेला.

"लिव्हर. आरपार गेलाय. तीस वर्षांत असा बाण मारला नाही मी. सुटताना हात हलला."

"मग आता?"

"आता काही नाही. लिव्हरला लागलेलं जनावर थोडं जातं आणि बसतं. चार तास त्याच्या वाटेला जायचं नसतं. उठवलं की ते मैलभर पळतं आणि मग दोन दोन दिवस मरत राहतं. पण दुपारी पाऊस सांगितलाय, रक्त धुऊन जाईल. कुठे गेली, तेवढंच बघून ठेवू."

"चार तास तिने तसंच..."

"हो," काका म्हणाले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "डावा मागचा पाय ओढत होती."

आम्ही हळू निघालो. नेच्याच्या पानांवर थेंब होते, दहा-बारा पावलांवर एकेक. मग ते दाट झाले. कुंपणाच्या कडेने वळले, गवतातून ड्राइव्हवेवर आले आणि आमच्या पायवाटेशी पोचले. तिथे पहिल्या गोपद्माच्या मधोमध एक थेंब होता.

दुसऱ्यात नव्हता. तिसऱ्यात होता. पाचव्यात होता.

काका गुडघ्यावर बसले. वाकून एकेक पाऊल निरखून पाहिलं.

"पावडर हललेली नाही," ते म्हणाले. "बाळ, ही तू आत्ता काढलीस का? तिच्या मागून?"

"साडेसहाला."

"मी बाण सोडला सात वाजता."

तेहतिसाव्या पावलापुढे उंबरठा होता. उंबरठ्यावर एक थेंब होता, अर्धा बाहेर. उरलेला अर्धा बंद दाराच्या खाली गेला होता.

मी मूठ फिरवून पाहिली. दार लागलेलंच होतं.

"गराज उघडं राहिलं असेल," काका म्हणाले. गराजही बंद होतं. ते त्यांनाही दिसत होतं.

"वर शंतनू आहे," मी म्हणाले.

काकांनी खिशातून फोन काढला, नंबर लावला आणि आवाज मोठा केला. पाच-सहा रिंगनंतर शंतनूचा झोपाळलेला आवाज आला.

"काका? जरा मीनाक्षीला सांगा ना, घरात हील्स घालून फिरू नकोस म्हणावं. टक टक, टक टक. आत्ताच झोप लागली होती यार."

मी कधीच हील्स घातल्या नाहीत. त्या वेळी माझ्या पायांत रबरी सपाता होत्या. मी काकांच्या हातातून फोन घेतला.

"शंतनू, मी बाहेर आहे."

पलीकडे पलंग करकरला.

"खोलीचं दार लावून घे. खाली येऊ नकोस."

"खाली कोण आहे?"

"हरीण आहे. जखमी."

"व्हॉट? आत कसं आलं?"

"दार लाव आधी."

दार लागल्याचा आवाज आला. मग तो कुजबुजला, "थांबलं. बसलं बहुतेक. मीनाक्षी, त्याला धाप लागलीय. मला वरपर्यंत ऐकू येतंय."

काकांनी फोन घेऊन बंद केला. पाठीवरून धनुष्य उतरवलं आणि त्याला नवा बाण लावला. त्यांचे हात आता अजिबात हलत नव्हते.

"दोनच रस्ते आहेत. चार तास इथे बसायचं, किंवा मी आत जाऊन संपवतो. सुरू मी केलंय. आत्ता कोणी नुसतं आत गेलं तर ती उठेल. चवताळलेलं जनावर जिन्यावर चढलं तर शंतनूच्या अंगावर जाईल. काय करायचं ते तू सांग. घर तुझं आहे."

मी दाराकडे पाहत होते. या व्रताच्या कहाणीत देवांचे दूत येतात, वाणवशावाचून, म्हणजे व्रत न करता, कोण राहिलंय ते धरून न्यायला हुडकतात, आणि दारात पावलं दिसली की पुढच्या घरी जातात. पावलांवरून चालत कोणी आत आल्याचं कहाणीत कुठेच नाही.

"माझ्या घरात बाण नको," मी म्हणाले.

"मग चार तास बस."

"तेही नको. आपल्याकडे मरणाऱ्याला एकटं ठेवत नाहीत, काका. तोंडात पाणी घालतात. मी जाते."

"अगं, वेडी आहेस का? जंगली जनावर आहे ते! लाथेने बरगडी मोडेल तुझी."

"मी हळू जाईन."

"आणि उठली तर?"

मी परडी खाली ठेवली, सपाता काढल्या आणि किल्ली फिरवली. दार मागे लावून घेतलं, म्हणजे काका येणार नाहीत.

आत रक्त नव्हतं. उंबरठ्यावरचा थेंब आतल्या बाजूला नव्हताच. लाकडी जमीन कोरडी, काल पुसली होती तशी. सोफा, टीव्ही, जिना, सगळं जागच्या जागी. पण वास होता. ओल्या केसांचा, कोमट, आणि त्याखाली लोखंडासारखा.

आणि श्वास होता.

तो देवघराच्या कोनाड्यापाशी होता. आत घेताना लांब, सोडताना तुटलेला. मी भिंतीला धरून गेले. एकेक पाऊल टाकून थांबत होते. श्वास जवळ आला, माझ्या गुडघ्यांच्या उंचीवर. तिथे जमीन होती. दुसरं काही नव्हतं.

मी तिथेच बसले. कोनाड्यात गंगाजळाची बाटली होती. वाटीत ओतलं, त्यात तुळशीचं पान सोडलं. पळी हातात घेतली तेव्हा ती वाटीला लागून वाजली.

श्वास थांबला.

वर शंतनू पलंगावरून उठल्याचा आवाज आला. उठू नकोस, उठू नकोस, असं मी मनातल्या मनात म्हणत राहिले. त्याला म्हणत होते की समोरच्याला, ते मला आजही सांगता येणार नाही.

श्वास पुन्हा सुरू झाला.

"मीनाक्षी!" बाहेरून काका. "दिसली का?"

"नाही," मी हळूच म्हणाले. "पण आहे."

मी पळी पुढे केली. जिथे श्वास माझ्या बोटांना गरम लागत होता, तिथे तिरकी केली.

पाणी खाली पडलं नाही.

मी जमीन हाताने चाचपली. कोरडी होती.

दुसरी पळी भरली. तिचंही पाणी खाली पडलं नाही. मग एक लांब श्वास सुटला, आणि त्याच्या मागून दुसरा आला नाही. मी वाट पाहिली. बोटं हळूहळू गार झाली.

मी तिसरी पळी तिरकी केली.

ती टपकन जमिनीवर पडली. पाण्याचा ओघळ दोन फळ्यांमधल्या फटीतून माझ्यापासून दूर निघाला. वाटेत काहीच नव्हतं, तो सरळ भिंतीपर्यंत जायला हवा होता. हातभर अंतरावर तो थांबला, फुगला, आणि कोणालातरी वळसा घालावा तसा कडेकडेने पुढे गेला.