वळणावरच्या देवळीतल्या टोप्या

“देवळीच्या कट्ट्यावर कुणी काही ठेवलेलं दिसलं, तर ते कुणाचं आहे हे विचारल्याशिवाय नुसता दिवा लावून पळून यायचं नाही. कळलं?”

अर्जिरो मावशीने हे बजावलं तेव्हा मिर्सिनी एका पायात स्वतःची आणि दुसऱ्या पायात धाकट्या लांबिसची चप्पल कोंबून दारात उभी होती.

“कळलं, मावशी!” ती ओरडली आणि पळाली. तिला काहीही कळलं नव्हतं. मावशी अशा सूचना दिवसभर द्यायची. विहिरीत वाकू नकोस, ओल्या केसांनी झोपू नकोस, अंजिराच्या झाडाखाली दुपारी बसू नकोस. एकेक ऐकत बसलं तर सुट्टी संपून जाईल!

मावशीचा गुडघा दुखत होता, म्हणून या उन्हाळ्यात देवळीत तेल घालायचं काम मिर्सिनीकडे आलं होतं. पेत्रोलाका गाव डोंगरावर, आणि त्याचं बंदर थेट खाली समुद्राला लागून. मधला रस्ता सापासारखा वेटोळे घेत उतरायचा. सगळ्यात अवघड वळणावर, जिथून खाली बघितलं की थेट बंदरच दिसायचं, तिथे लोखंडी पायांवर उभी असलेली काचेच्या दाराची छोटीशी देवळी होती. आत मारियामातेचं चित्र आणि तेलाचा दिवा. गाडी हाकणारा प्रत्येकजण वळण घेण्याआधी त्या दिव्याकडे बघायचा. दिवा विझलेला दिसला, तर पेत्रोलाकाचा माणूस पुढे जात नसे. उतरायचा, दिवा लावायचा, मगच निघायचा. एकदा तर बसवाल्याने भरलेली बस थांबवली होती!

आणि रस्त्यात कुणाचं काही पडलेलं सापडलं, किल्ली, रुमाल, लहान मुलाचा सँडल, तर सापडेल तो ते देवळीच्या दगडी कट्ट्यावर ठेवून जायचा. ज्याचं त्याने येऊन न्यावं.

पहिल्याच आठवड्यात मिर्सिनीला तिथे एक लोखंडी टोपी दिसली. छोट्या वाटीएवढी, आतून काळ्या ग्रीसने माखलेली. तिने ती कुणाला विचारली नाही. घरी नेली, साबणाने घासली आणि लांबिसला देऊन टाकली. सहा वर्षांच्या लांबिसला आणखी काय हवं! त्या दिवसापासून तो चमच्याने ती वाजवत फिरायला लागला. टण्! टण्! टण्!

“ती घंटा समुद्रात फेकून द्या,” बाबा म्हणायचे, “नाहीतर मलाच फेका!”

मारियामातेच्या सणाच्या आदल्या दिवशी गावातल्या बोटी खाली जायच्या. प्रत्येक बोट ट्रेलरवर चढवलेली, हिरव्या फांद्यांनी सजवलेली, आणि आत घरातली लहान मुलं बसलेली, ओरडणारी, भांडी वाजवणारी. अशी मुलं बसवून न्यायची फार जुनी रीत होती. त्यात काही वावगं आहे असं कुणाला वाटतच नव्हतं.

त्या संध्याकाळी मिर्सिनी तेलाची बाटली घेऊन देवळीपाशी आली. सोबत तिचा चुलतभाऊ झिसिस होता. काम करायला नव्हे, गप्पा मारायला. डोंगराची सावली वळणावर उतरली होती. वारा अगदी पडला होता.

कट्ट्यावर तीन टोप्या होत्या. एकीशेजारी एक.

“टोपीचोर!” झिसिस आनंदाने म्हणाला.

“चोर आणि देवळीत आणून ठेवतो?”

“मग भाविक चोर असेल!”

मिर्सिनीला हसू आलं नाही. तिने एक टोपी उचलली. मधोमध चंद्रकोरीसारखा पोचा पडला होता. दुसरी उचलली. तिलाही तसाच पोचा! तिसरीलाही!

“झिसिस, यांना कुणीतरी हातोड्याने ठोकलंय. बरोब्बर मध्ये.”

“म्हणजे एकाच हाताचं काम. तरी मी म्हणतोय, चोर!”

तेवढ्यात वरून हॉर्न वाजला. बेकरीवाल्या थानोसकाकांची लाल बोट येत होती. बोटीत त्यांच्या दोन्ही मुली परात बडवत होत्या. मिर्सिनीने दोन्ही हात हलवले, “काका, थांबा ना! हे बघा!”

थानोसकाकांनी खुशीत हात हलवला, आणखी लांब हॉर्न दिला आणि गाडी वळणात घातली. वाटेत उभ्या असलेल्या मुलांनी हात हलवायचेच असतात. त्यात थांबायचं काय! ब्रेकचा जळका वास आला. आणि त्यांच्या डोळ्यांदेखत ट्रेलरच्या डाव्या चाकातून टक्कन काहीतरी उडालं, रस्त्यावरून घरंगळत आलं आणि झिसिसच्या पायाशी थांबलं.

झिसिसने ते झडप घालून उचललं. “आई गं! मेलो! हात भाजला!”

चौथी टोपी. तापून लाल व्हायचीच काय ती बाकी होती.

“चोर पकडला,” मिर्सिनी हळूच म्हणाली. “उतारच. सगळ्या उतारावर ब्रेक दाबून दाबून चाकं तापतात. आतलं ग्रीस तापून फुगतं आणि चाकाच्या मधोमध बसवलेल्या टोपीला बाहेर ढकलतं.”

“पण टोप्या काय आज लावल्यात? इतकी वर्षं कुठे पडल्या?”

हा प्रश्न खरा होता. आणि मिर्सिनीला तो अजिबात आवडला नाही.

देवळीमागून दगडी पायऱ्यांची वाट थेट बंदरात उतरायची. रस्ता चार वेढे घेईपर्यंत पायऱ्यांनी माणूस खाली पोचायचा. दोघं धावतच उतरले. बंदरात टेबलं मांडलेली होती, कलिंगडं कापली जात होती, अख्खं गाव तिथे लोटलं होतं. थानोसकाका लाल बोट पाण्यात ढकलायच्या तयारीत होते. मिर्सिनी ट्रेलरच्या चाकापाशी गुडघ्यावर बसली.

टोपी निघालेल्या जागी काळं भोक होतं. तिने फडक्याने ग्रीस पुसलं. मध्ये मोठा नट दिसला. त्यात पिनेसाठी आरपार भोक असतं हे तिला ठाऊक होतं. दर वसंतात बाबा ती पिन घालायचे आणि ही बॅटरी धरायची. “ही पिन नटाला फिरू देत नाही,” बाबा म्हणायचे, “नट फिरला की चाक आपल्या वाटेनं आणि आपण आपल्या.”

इथे पिन नव्हतीच. पिनेच्या जागी एक वाकवलेला खिळा होता, तोही अर्धा तुटलेला.

शेजारी उभ्या असलेल्या हिरव्या ट्रेलरचीही टोपी गेलेली होती. तिथे खिळासुद्धा नव्हता.

“काका, हे बघा! पिनच नाहीये!”

“सणासुदीला चाकात कसली तोंडं खुपसताय?” थानोसकाका हसले. “जा, पोहा! कलिंगड खा!” आणि त्यांनी तो तापलेला ट्रेलर तसाच पाण्यात उतरवला. चाकाजवळचं पाणी चर्र करून उकळलं.

मिर्सिनीने वळून बघितलं. झिसिसचा चेहरा कलिंगडाच्या सालासारखा हिरवट झाला होता.

“काय रे?”

“तो खिळा... कोंबड्यांच्या खुराड्याला मारतात तसला आहे. आमच्या घरचा.” तो म्हणाला. “या वर्षी सगळ्यांच्या ट्रेलरना ग्रीस माझ्या बाबांनीच भरलं ना. तेलघाण्याच्या अंगणात. खूप घाई होती. ग्रीस कोंबायचं, टोपीवर मध्येच हातोडा मारायचा, की पुढचं चाक. मी बघितलं होतं त्यांना खिळे वाकवताना. मला वाटलं, खुराडं दुरुस्त करतायत.”

मग मिर्सिनीच्या मनात एकदम काहीतरी घसरून पडल्यासारखं झालं.

पहिली टोपी! लांबिसची घंटा! गेल्या पंधरवड्यात बाबांनी स्वतःचा ट्रेलर रिकामाच खाली नेऊन आणला होता, तो नीट चालतो का ते बघायला. त्यानंतर दुसऱ्याच दिवशी तिला ती टोपी देवळीत मिळाली होती. तेव्हा तिने विचारलं असतं, एकदा जरी विचारलं असतं, तर बाबांनी ती बघताक्षणी ओळखली असती.

“झिसिस, आता कुणाची बोट यायची राहिलीय?”

उत्तर दोघांनाही माहीत होतं. सगळ्यात शेवटी नेहमी मिर्सिनीच्या बाबांची बोट यायची. आणि बोटीत लांबिस असणार होता.

“फोन कर!”

मिर्सिनीने पिशवीत हात घातला. पिशवीतून बाबांचाच फोन निघाला. पाण्यात पडेल म्हणून त्यांनी तो सकाळीच तिच्याकडे दिला होता. आणि वर गावात बाबा नि लांबिस सोडून कुणीच उरलं नव्हतं.

दोघं पुन्हा पायऱ्या चढायला लागले. अर्ध्या वाटेत झिसिसला धाप लागली. त्याच वेळी वरून, लांबून, डोंगराला आदळत आवाज आला.

टण्... टण्... टण्...

“निघाले!” मिर्सिनी किंचाळली.

आवाज एका वळणावर मोठा व्हायचा, दुसऱ्या वळणामागे बुडून जायचा. बुडाला की मिर्सिनी दोन-दोन पायऱ्या ओलांडायची. पुन्हा ऐकू आला की जीवात जीव यायचा. मग त्याच्याखालून आणखी एक आवाज यायला लागला. घर्र, घर्र. कुणीतरी दगड दळत असल्यासारखा.

दोघं देवळीपाशी पोचले.

“मी रस्त्यात आडवा उभा राहतो!” झिसिस म्हणाला.

“वळणावर? तू दिसेपर्यंत गाडी तुझ्या अंगावर आलेली असेल!”

“मग हात हलवू!”

“हात हलवले तर हॉर्न देतील आणि पुढे जातील! बघितलं नाहीस मघाशी?”

टण्! टण्! अगदी वरच्या वळणावर.

मिर्सिनीने देवळीकडे बघितलं. काचेआड ज्योत शांत जळत होती. वरून येणाऱ्याला ती लांबूनच दिसणार होती. सगळं ठीक आहे, या, असं सांगणारी.

“मावशी मला जिवंत ठेवणार नाही,” ती म्हणाली. तिने काचेचं दार उघडलं आणि दोन बोटांनी वात चिमटली.

वळण अंधारलं.

वरच्या वेढ्यातून गाडी बाहेर आली. फांद्यांनी झाकलेली पांढरी बोट, तिच्या पुढच्या टोकावर चमचा उगारून बसलेला लांबिस, आणि खाली डावं चाक, दारू प्यायलेल्या माणसासारखं डुलणारं. गाडी येत राहिली. येतच राहिली. आणि मग ब्रेक करकरले. देवळीच्या थोडं वर, अगदी डोंगराला खेटून, ती उभी राहिली.

“अगं, दिवा कसा विझला?” बाबा दार उघडत म्हणाले. “आणि तू इथे...”

“बाबा, हँडब्रेक! आधी हँडब्रेक! झिसिस, दगड लाव!”

तिच्या आवाजात असं काही होतं की बाबांनी काही विचारलं नाही. झिसिसने चाकांखाली धोंडे सारले. मिर्सिनीने लांबिसला बोटीतून ओढून काढलं आणि इतकं घट्ट धरलं की तो ओरडला, “अगं, माझी घंटा दुमडेल!”

बाबांनी डाव्या चाकाला वरून हात लावून हलवलं. हलणाऱ्या दातासारखं अख्खं चाक हाललं. आत नट जेमतेम शेवटच्या आट्याला लटकत होता. लोखंड तापून निळं पडलं होतं. आणि टोपीच्या जागी ते काळं भोक.

“एय! माझी घंटा इथे बसते!” लांबिस मिर्सिनीच्या कडेवरून वाकला आणि त्याने हातातली टोपी त्या भोकावर धरली. अगदी चपखल बसली.

बाबांनी वळणाकडे बघितलं. वळणाच्या पलीकडे काही नव्हतं, नुसती हवा, आणि खूप खाली दिव्यांनी उजळलेली टेबलं, माणसं, मुलं. ते रस्त्याच्या कडेला बसले. त्यांनी लांबिसला मांडीवर घेतलं.

दिवा विझलेला बघून खालून माणसं चढून आली. त्यात झिसिसचे बाबा, स्ताथिसकाकाही होते.

“पिना संपल्या होत्या,” ते खाली बघत पुटपुटले. “सणानंतर घालणारच होतो. म्हटलं, टोपी लावली की कुणाला दिसतंय...”

“बाबा, टोपी काय आतलं दिसू नये म्हणून लावतात?” झिसिसने विचारलं. त्याने नजर हटवली नाही.

त्या रात्री जेवायला बसण्याआधी स्ताथिसकाकांनी आणि थानोसकाकांनी मिळून प्रत्येक चाक उघडलं. शेजारच्या गावातून पिना आणल्या. ग्रीस काठोकाठ न कोंबता बेताचं भरलं. ज्यांचे धनी सापडले त्या पोचा पडलेल्या टोप्या टाकून दिल्या. नव्या टोप्या बसवताना हातोडा मध्ये मारला नाही. लाकडाचा तुकडा धरून कडेकडेने, गोल फिरत, हलकेच ठोकलं, आणि जुन्या ट्यूबची पट्टी वरून ताणून बांधली.

“पोरांनी चार घरं वाचवली,” थानोसकाका सगळ्यांसमोर म्हणाले, “आणि मी त्यांना कलिंगड खा म्हणत होतो!” मग त्यांनी अख्खं कलिंगड झिसिसच्या पुढ्यात ठेवलं. बाबांनी मिर्सिनीचा हात हातात धरून ठेवला.

अर्जिरो मावशी काठी टेकत आली. “दिवा तू विझवलास?”

“हो, मावशी.”

“मग आता तूच लाव.” मावशीने काडेपेटी धरलेला हात पुढे केला. “त्या दिवशी विचारलं असतंस, तर विझवावा लागला नसता.” आणि तोच हात मग मिर्सिनीच्या डोक्यावरून फिरला.

आता पेत्रोलाकाच्या बोटी मुलांना बसवून खाली जात नाहीत. मुलं पायऱ्यांनी उतरतात. प्रत्येक ट्रेलर देवळीपाशी थांबतो, आणि मिर्सिनी नि झिसिस टोप्या हाताने हलवून बघतात, चाकावर तळवा ठेवून बघतात. तळवा ठेववत नसेल, तर चाक थंड होईपर्यंत बोट पाण्यात जात नाही. मोठ्यांनी कितीही कुरकुर केली तरी नाही!

पण एक टोपी अजून कट्ट्यावर आहे.

बाकीच्या सगळ्या टोप्यांचे धनी सापडले. ही एक गावातल्या कुठल्याच चाकाला बसत नाही. मग आठवलं, त्या आठवड्यात निळ्या बोटीचं एक कुटुंब पाहुणं येऊन राहिलं होतं. स्ताथिसकाकांनी त्यांचाही ट्रेलर भरून दिला होता, आपुलकीने, फुकट. ते एकदा बंदरात जाऊन आले आणि सणाआधीच उत्तरेच्या मोठ्या रस्त्याने निघून गेले. त्यांचं नाव कुणी विचारलं नाही. मागच्या सीटवर दोन मुलं होती, एवढंच मिर्सिनीला आठवतं. धाकटीने काचेतून तिला हात केला होता.

दर संध्याकाळी तेल घालताना मिर्सिनी ती टोपी पुसून ठेवते. तेव्हा तुम्हाला कुठे निळी बोट ओढत जाणारी गाडी दिसली, पेट्रोल पंपावर, घाटात, चहाच्या टपरीसमोर, तर कृपा करून नुसता हात हलवू नका. जवळ जा, त्यांना थांबवा, आणि चाकांच्या टोप्या जागेवर आहेत का, तेवढं बघा.