चार तास सरळ चाललेली रेघ

पटलं तर घ्या. माझ्या थोरल्या वहिनी थापा मारणाऱ्यांतल्या नाहीत, एवढं मी छातीठोक सांगतो.

रविवार. दुपारचे तीन. तळघरातली प्रयोगशाळा. दादाला जाऊन तेवीस दिवस झाले होते.

वहिनी रडल्याच नव्हत्या. "भावजी, आत काहीच हलत नाही हो," एवढंच म्हणायच्या.

नवरा-बायको एकाच यंत्रावर काम करायचे. सुईचं टोक धातूच्या इतकं जवळ न्यायचं, की मधे एका रेणूपुरती फट उरते. इलेक्ट्रॉन ती फट ओलांडतात. फटीतल्या रेणूचे अणू थरथरले, की इलेक्ट्रॉनांना आणखी एक वाट मिळते आणि आलेखाच्या रेघेवर बारीक उंचवटा येतो.

तो उंचवटा दादाने पाहिला होता. नंतर कुणालाच दिसेना. सोमवारपर्यंत दिसला नाही, तर त्याचा शोधनिबंध मागे घेणार होते. गेलेला माणूस खोटारडा ठरणार होता.

वहिनींनी आतून कडी घातली. पंखा बंद केला. कुणी नुसतं चाललं, तरी तिथलं मोजमाप बोंबलतं.

रेघ सरळ निघाली. मग...

रेघेला एक जड झटका. जरा थांबून दुसरा, हलका.

वहिनींनी वर कान दिला. वरचा मजला रविवारी रिकामाच असतो.

पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पुन्हा तेच... एक जड, एक हलका.

दादा डावा पाय ओढत चालायचा. मोजमाप सुरू असलं, तरी खोलीभर येरझाऱ्या. वहिनी रोज करवादायच्या.

आताही सवयीने तोंडातून निघून गेलं, "अहो, बसा ना जरा. तुमचंच काम करतेय."

शेजारची रिकामी खुर्ची... करकरली.

रेघ सरळ झाली. चार तास सरळच राहिली.

उंचवटा आला. दादाने सांगितलेल्या जागीच. वहिनींना ना आनंद झाला, ना भीती वाटली.

दादाचं नाव राहिलं.

"मग निघालात तुम्ही?" मी विचारलं.

"नाही. बसून राहिले. काम संपलं, की 'झालं, उठा' म्हणायची आमची पद्धत. पण तसं म्हटलं, तर हे उठणार. उठून जाणार कुठे, भावजी?"

"मग?"

"म्हटलंच नाही मी."

याला आठ महिने झाले. दादाला कुणीतरी उठा म्हणायला हवं, हे मला कळतं. दोनदा मी त्या दारापर्यंत जाऊन आलोय. माझीही जीभ रेटत नाही.