मंगलचं वय

बेळगावच्या एका प्रयोगशाळेत अक्षरा पेशींच्या म्हातारपणाचा अभ्यास करायची. निरोगी पेशी ठरावीक वेळा विभागते, मग थकते आणि थांबते. कॅन्सरची पेशी थांबायचं विसरते. हे तिला पुस्तकांपेक्षा घरानंच जास्त शिकवलं होतं. निपाणीत जन्मभर विड्या वळून तिची आई मंगल अठ्ठावन्नाव्या वर्षी फुप्फुसाच्या कॅन्सरनं गेली. जाण्याआधी तिनं दंड पुढं केला होता. "घे की कातडं. तुझ्या अभ्यासाला तरी हुईल."

त्या कातडीतल्या निरोगी पेशी बशीत वाढल्या, थकल्या, थांबल्या. अक्षरानं बशी टाकली मात्र नाही. चार वर्षं ती त्यांचं खाद्य बदलत राहिली.

जानेवारीत पेशी पुन्हा वाढू लागल्या.

तिनं आधी कॅन्सर झालाय का ते तपासलं. नव्हता. दुसरा नमुना मिसळलाय का तेही पाहिलं. पेशी आईच्याच होत्या. मग डीएनएवरच्या खुणांवरून तिनं त्यांचं वय काढलं. एक्केचाळीस.

काहीतरी चुकलं असणार. तरी तिला हसू आलं. आई एक्केचाळीसची, म्हणजे आपली बारावी. निकाल ऐकून आईनं तंबाखूच्या हातांनीच तिचा चेहरा धरला होता. दिवसभर शिंका आल्या होत्या.

रविवारी ती निपाणीला गेली. शेजारच्या मालुबाई, आईच्या लहानपणापासूनच्या सोबतीण, दारात पोत्यावर बसून विड्या वळत होत्या.

"मावशी, आईच्या दुखण्यात तुम्ही किती केलंत."

"दुखणं? मंगलला? कवा गं?"

वय झालं, अक्षराला वाटलं. पण सिलिंडर कधी आला, नातीला किती मार्क पडले, सगळं मालुबाईंना पाठ होतं.

महिन्यानं पेशींचं वय आलं एकोणतीस. या खेपेला मालुबाई तिच्याकडं बघतच राहिल्या. "मंगलच्या पोरीगत दिसतीस बग. आक्षी नाव तिचं. बालवाडीत जाती."

अक्षरा परतली ती बशी फेकायचं ठरवूनच. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी सडपातळ, तरतरीत, एका ओळीत पहुडलेल्या. तिनं ताजं खाद्य घातलं, बशी परत उबेच्या पेटीत ठेवली आणि दार लावलं.

मार्चमधला आकडा होता एकोणीस.

तिनं दुपारची बस धरली.

"मावशी."

मालुबाईंच्या डोळ्यांत ओळख नव्हती. "कुणाची गं तू?"

"मंगलची लेक."

मालुबाई खदखदून हसल्या. "मंगलचं लगीन व्हायचंय अजून!"

त्यांच्या शेजारी आणखी एक पोतं अंथरलेलं होतं. त्यावर एक सूप, सुपात अर्धी वळलेली विडी.

अक्षराला वाटलं, मागं फिरावं, पळत स्टँड गाठावं. पण तिनं विचारलं,

"कुठं गेलीय ती?"

"नळाला. पाणी आलंय न्हवं." मालुबाईंनी सूप बाजूला सारलं. "बस की. यील इतक्यात."

अक्षरा बसली.

पोतं अजून कोमट होतं.