एका ओळीचा फरक

दानिलो मियालोन्कोची आणि माझी पहिली गाठ पडली ती बटाट्यावरून, आणि तीही फोनवर.

केउई बेटावरच्या स्वतः धरून दोनशे शेतकऱ्यांची आणि त्यांच्या बटाट्याच्या बियाण्याची यादी तो रोज सकाळी साध्या मजकुराच्या फाइलमध्ये आमच्या कास्त्रो शहरातल्या शेती कचेरीत पाठवायचा. माझा प्रोग्राम कालची नि आजची फाइल ताडून बघे आणि मी मंजुरीचं बटण दाबलं की जेवढं बदललं तेवढंच डेटाबेसमध्ये टाके. त्या दिवशी एकच ओळ बदलली होती.

"सेन्योर मियालोन्को, दोन्या रोसेंदाबाईंचं बियाणं काल जांभळं होतं. आज काळं कसं?"

"पावसानं असेल..."

"पावसानं बटाट्याचा रंग बदलतो?"

"आमच्या बेटावर काहीही होतं, सेन्योरिता. उद्या पुन्हा विचारा ना—"

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा जांभळं झालं! मग रोज कुठली तरी एक ओळ अशीच बदलायची. मी फोन करून त्याला खडसावायची आणि फोन ठेवला की खुळ्यासारखी हसत बसायची. सेन्योरिताची मी यास्ना कधी झाले, कळलंच नाही. पण सहा महिन्यांत मनातलं अक्षरही मी बोलले नाही. कसली भीती वाटत होती कोण जाणे.

एका गुरुवारी पडद्यावर आलं: 'वगळले — दानिलो मियालोन्को, शेत क्रमांक सात.' मी मंजुरीचं बटण दाबलं की तो आमच्याकडूनही पुसला जाणार होता.

"ही पण थट्टाच ना?" मी फोनवर विचारलं.

"नाही गं. शेत भावाला दिलं. तिकडे लांब दक्षिणेला, पुंता आरेनासला नोकरी मिळालीय. कास्त्रोच्या स्टँडवरच आहे, आत्ता बस सुटेल."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तू कामापुरता फोन करतेस, यास्ना... तुला काय सांगणार?"

बटण न दाबताच मी पावसात धावत सुटले. त्याला कधी पाहिलंही नव्हतं, म्हणून स्टँडवर सरळ त्याच्या नावानं ओरडले. लोकरी टोपीतला एक जण वळला आणि कानापर्यंत लाल झाला.

"बदल मंजूर करायला फोन लागतच नाही, वेड्या!" मला धाप लागली होती. "नुसतं बटण दाबायचं असतं. एकही फोन कामाचा नव्हता... तू मला आवडतोस."



"चढतोयस ना, पोरा?" बसच्या ड्रायव्हरनं हाक मारली.

"काका," माझ्यावरची नजर न काढता दानिलो म्हणाला, "माझी बॅग तेवढी खाली काढता?"