चादरवाली पोरगी, उचलू नका

प्रेमकथेत पाऊस लागतो. आमची सुरू झाली एप्रिलमध्ये, सोलापुरात, नवी पेठेत, भर दुपारी. त्यामुळे पावसाचं काम दुकानातल्या कूलरनं केलं. तो वरून गळायचा, आणि त्याच्या बरोब्बर खाली येऊन एक मुलगा उभा राहिला. एका हातात एक फोन, दुसऱ्या हातात दुसरा, दोन्ही हात छताकडे.

“दरोडा घालायचा असेल तर हात आम्ही वर करायचे असतात,” मी म्हटलं.

“हितं गगनसेलच्या रेंजच्या तीन कांड्या येत्यात,” तो छताकडंच बघत म्हणाला. “बाहेर एकच. तुमी चादरीत काय घालता काय?”

“सूत.”

तेव्हा त्यानं पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं. केसांतून पाणी ओघळून भुवईवर आलं होतं... त्याच्या. मी घडीची चादर पुढं केली. त्यानं त्या चादरीनं आधी फोन पुसले, मग तोंड. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

तो दिग्विजय. टेंभुर्णीचा, सोलापुरात ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये नोकरीला. पण ती पोटापुरती. जीव सगळा फोनमध्ये. त्याचा एक चॅनेल होता, आणि त्यावर तो कुठल्या गल्लीत कुठल्या कंपनीची रेंज येते ते सांगायचा. बघणारे थोडे होते. त्यात त्याची आई होती, आणि आता मी.

मी चंद्रिका. गुरुबसप्पा चादर भांडारच्या गुरुबसप्पांची मुलगी. अप्पा गल्ल्यावर बसतात, मी आतलं बघते. दिवाळी आणि लग्नसराईच्या आधी अप्पांच्या फोनवरून जुन्या गिऱ्हाइकांना ‘नवीन माल आलाय’ असं कळवायचं कामही माझंच.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. रेंज बदलली का बघायला.

“रेंज रोज बदलते?”

“बदलती की. वाऱ्यासारखं असतंय त्ये.” मग कूलरखालून सरकत, अगदी काउंटरजवळ येत... “हितं जास्त येती.”

त्याचा फोन खिशात होता.

पुढचे महिने आम्ही संध्याकाळी सिद्धेश्वर तलावाच्या काठी बसायचो. इतर मुलं मुलींना चंद्र दाखवतात. हा टॉवर दाखवायचा. “त्यो लाल दिवा दिसतोय? त्यो वायुटेलचा. तेच्या पल्याडला गगनसेल. गगनसेल शहरात राजा, पण मोहोळ सोडलं की मेलं. टेंभुर्णीला वायुटेल. आन् करकंबला मावशीकडं दोन्ही न्हाय, तितं माळवदावर चढून एक पाय उचलला की सरकारी येतंय.”

“पाय का उचलायचा?”

“कठड्यावर ठेवायला. म्हंजे वितभर उंची वाढती.”

हे तो चेष्टेत बोलत नसे. म्हणूनच मला आवडायचा.

त्याच्याकडं दोन फोन आणि चार सिमं होती. “यातलं माझ्यासाठी कुठलं?” मी विचारलं.

“वायुटेल,” तो लाजला. “तेच्यात श्वाससुद्धा ऐकू येतो तुमचा.”

“आणि माझा फोन अँड्रॉइड आहे, ते चालतं ना?”

“चालतं म्हंजे? अँड्रॉइड म्हंजे आपलं रान. कुटंबी हीर पाडा, कुटंबी गोठा बांधा. चुकलं तर आपलं. आयफोन म्हंजे मंगल कार्यालय. सगळं चकाचक, पन खुर्ची हलवायची न्हाय.”

“आणि मी?”

तो बराच वेळ विचार करत बसला. तलावातला मासासुद्धा उत्तरासाठी वर आला असावा, बुळुक असा आवाज आला. “तुमी... मंगल कार्यालय,” तो म्हणाला. “पन खुर्ची हलवू देत्याल, आसं वाटतंय.”

याहून चांगलं मला आजवर कुणी काही म्हटलेलं नाही. परिस्थिती एवढी वाईट आहे.

अप्पांना सांगायला मला दिवाळीपर्यंत धीर झाला नाही. त्याची जात वेगळी, आमची वेगळी. अव्वा, म्हणजे माझी आई, रडली, मग भाकरी थापायला गेली, मग थापता थापता रडली. अप्पा मात्र दोन दिवसांनी म्हणाले, “मी त्याच्याशी बोलतो. फोनवर. काउंटरवर आयुष्य गेलं माझं, माणूस आवाजावरून कळतो. सोमवारी, भवानीच्या आधी.”

भवानी म्हणजे दिवसाची पहिली विक्री. अप्पा सोमवारी सिद्धरामेश्वराचं दर्शन घेऊन शटर उघडतात, आणि त्या वेळी जे करतील ते एकदाच करतात. पहिलंच गिऱ्हाईक मोडलं तर त्या मालाला ते दिवसभर हात लावत नाहीत. एकदा एका बाईनं भवानीला भाव करून पाठ फिरवली, तर ती हिरवी चादर अजून वरच्या फळीवर आहे.

मी दिग्विजयला अप्पांचा नंबर दिला. “सेव्ह कर. सोमवारी एकच फोन येईल. एकच.”

“आवो, फोन उचलायचं मला शिकवता व्हय?”

रविवारी संध्याकाळी तो तलावावर नवा डबा घेऊन आला. आयफोन. “तुमच्या अप्पांशी बोलायचं म्हंजे फोन बी तसा पायजे.”

“अप्पांना तो दिसणार नाही.”

“आवाजात येतंय त्ये.”

मग त्यानं फोन माझ्या हातात दिला. काचेवरची पातळ फिल्म अजून तशीच होती. “तुमी काढा,” तो हळूच म्हणाला. ज्यानं आईलासुद्धा स्वतःच्या फोनची फिल्म काढू दिली नव्हती, तो असं म्हणत होता... मी कोपरा नखानं उचलला. सर्रर्र असा बारीक आवाज करत फिल्म निघत गेली आणि खालच्या काळ्या काचेत आम्ही दोघं दिसलो. त्याचा अंगठा माझ्या अंगठ्यावर होता. मी फिल्म पर्समध्ये ठेवली. लोक मोगऱ्याचा गजरा ठेवतात, मी प्लास्टिक.

सोमवारी अप्पांनी शटर उघडलं, गल्ल्याला हात जोडले, चष्मा लावला आणि नंबर फिरवला. मी चादरींच्या थप्पीमागं उभी होते. अर्धी रिंग वाजली. मग टुक् असा आवाज झाला.

“कट केला,” अप्पा म्हणाले.

त्यांनी फोन गल्ल्यावर पालथा ठेवला. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. “बेडा, चंद्रिका,” ते म्हणाले. नको. मी रडायला लागल्यावर मात्र थोडे वितळले. “बरं. बारापर्यंत मी इथंच आहे. तो स्वतः आला तर बसवेन, चहा पाजेन. फोन मी करणार नाही.”

मी रिक्षानं शोरूम गाठलं. दिग्विजय एका लाल ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून फोनकडं बघत होता.

“तुमच्या अप्पांनी फोनच न्हाय केला की!”

“केला. तू कापलास.”

“मी? न्हाय वो!” त्यानं फोन चाळला आणि कपाळाला हात लावला. “नंबर जुन्या फोनातच ऱ्हायला. नव्यात घ्यायचा हुता... निवांत.”

“मग अनोळखी नंबर म्हणून तरी वाजायला हवा होता.”

“तेच तर. का वाजला न्हाय?” त्याचे डोळे चमकले. ते चमकायला नको होते.

“ते नंतर बघ. आत्ता चल. रिक्षा थांबलीय. अप्पा बारापर्यंत आहेत.”

“दोन मिंटं. कारण कळल्याबिगर अप्पांना सांगू काय?”

“सॉरी सांग! चहा पी!”

“दोन मिंटं, चंद्रिका.”

रिक्षावाला हॉर्न वाजवत राहिला. दिग्विजय एकेक सेटिंग उघडत गेला, बंद करत गेला, पुन्हा उघडत गेला. मी त्याच्या बोटांकडं बघत होते. किती हळुवार चालायची ती. शोरूमच्या भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजले. रिक्षावाला निघून गेला.

“घावलं!” तो ओरडला. “‘कोण बोलतंय’! ह्ये ॲप मी नव्या फोनात लगीच टाकलं. लोकांनी ज्यो नंबर वाईट ठरवला, त्यो ॲप परस्पर कापतंय. तुमच्या अप्पांचा नंबर लोकांनी मार्क केलाय बघा. ॲप बरोबर हाय! माजी चूक न्हाय!”

म्हणजे ओळखीचे नंबर नव्या फोनात आले नव्हते. शत्रू सगळे आले होते.

“यावर व्हिडिओ लई चालंल,” तो म्हणाला. मनापासून, मला आनंद होईल अशा आवाजात.

मी फोन त्याच्या हातून घेतला. अप्पांच्या नंबराखाली लोकांचे शेरे होते. बहुतेकांनी नुसतं ‘त्रास’ लिहिलं होतं. सगळ्यात खाली, सगळ्यात जुना शेरा गेल्या वर्षीच्या दिवाळीतला होता. ‘चादरवाली पोरगी. लई बोलती. उचलू नका.’ लिहिणाऱ्याचं नाव, दिग्विजय टेंभुर्णीकर.

तो वाचून पांढरा पडला. “आवो, आईनं कवा तरी तुमच्याकडनं चादर घेतली, नंबर माजा दिला... मला काय म्हाईत त्या तुमी हुता!”

“मीच होते.”

“काढतो की. आत्ता काढतो.”

“राहू दे,” मी म्हटलं. “ॲप बरोबर आहे.”

आणि चालत निघाले. मागून तो हाका मारत होता. वायुटेल नाही, गगनसेल नाही, नुसत्या तोंडानं. स्पष्ट ऐकू येत होतं.

आता माझं ठरलंय. मुलगा अक्कलकोटचा, अमरेश, डाळीच्या गिरणीवाला. बटणाचा फोन वापरतो, पहिल्या रिंगला उचलतो. उचलल्यावर “हं” म्हणतो. मग आम्ही दोघं गिरणीचा आवाज ऐकतो.

परवा लग्नसराईचे फोन करायला बसले. जुन्या गिऱ्हाइकांत एक टेंभुर्णीची बाई आली. नंबर मला पाठ होता. लावला.

“नमस्कार, गुरुबसप्पा चादर भांडारमधून बोलतेय,” मी म्हटलं. टुक् झालं नाही. मी पुढं म्हणत गेले. डबल चादरी, वेलीचं काम, पक्का रंग, आहेरासाठी खास घडी. त्यानं शेवटपर्यंत ऐकलं. मध्ये एकदाही तोडलं नाही.

“...हिरवी हाय का एखादी?” अखेर तो म्हणाला.

मी वरच्या फळीकडं पाहिलं. “आहे,” मी म्हटलं. “पण ती विकायची नाही.”

चारही कांड्या होत्या. त्याचा श्वाससुद्धा ऐकू येत होता.

मी कट केला.