विहिरीवरची कौसल्या

देवराव ही गोष्ट लाइट गेल्यावरच सांगतात. घडली ती त्यांच्या मित्राच्या, केशवच्या बाबतीत. तो नागपुरात बर्डीवरच्या एका पुस्तकांच्या दुकानात विक्रेता होता.

अठ्ठ्याहत्तर साल. पोळ्याची रात्र, अमावास्या. सकाळी मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघायची. केशवला फक्त गठ्ठे बांधायचे होते. मालक आनंदरावांचं 'आपल्या भागातली भुतं' हे पुस्तक धडाक्यानं खपत होतं. नवी आवृत्ती पहाटेच्या मोटारीनं रामटेक-मौद्याला जाणार होती. मुखपृष्ठावर कळमेश्वरकडच्या एका खेड्यातल्या विहिरीवरची हडळ. केस मोकळे, पावलं उलटी. खाली नावासकट छापलेलं: कौसल्या.

त्या कौसल्येची मुलगी सिंधूताई दुपारीच दुकानात येऊन गेली होती. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर तिच्या आईनं गावच्या विहिरीत बादली सोडली, तर गावच्या मोठ्या माणसांनी तिलाच विहिरीत ढकललं. त्या मोठ्या माणसांत तेव्हा आनंदरावही होते. सिंधूताईनं आरडाओरडा केला नाही.

"मारलं ते मारलं, काका. आता तिले हडळ काहून करून राहिले?"

आनंदरावांनी डब्यात खर्र्याची पिंक टाकली. हनुवटीवरचा ओघळसुद्धा पुसला नाही.

"हडळ हाय म्हणून तं पुस्तक खपते वं बाई."

केशव सुतळी कापत राहिला. पुढचा गठ्ठा बांधला. म्हाताऱ्याची किळस आलीच होती, आता स्वतःचीही आली. पहाटे गठ्ठे गेले की कौसल्या घराघरांत हडळ होणार होती.

रात्री बारा वाजून गेले. दाराला आतून कडी. आनंदराव खुर्चीत पेंगत होते.

कुजलेल्या पाण्याचा वास आला. गटार तुंबलं असेल, केशवला वाटलं.

वास जवळ आला.

लाइट गेली.

थप्... थप्...

ओली पावलं. दुकानाच्या आत.

"आनंदराव?"

नुसतं पाणी ठिबकत होतं. खुर्चीशी.

मग म्हातारा पुटपुटला, "गठ्ठे सोड, केशव... सोड गा..."

केशवनं अंधारातच सुतळ्या कापल्या. कव्हरं फाडली. हाताला येईल ते. कोणी अडवलं नाही...

लाइट आली. कडी तशीच. आनंदरावांचं धोतर भिजलेलं; ते पाणी विहिरीचं नव्हतं. दारापासून खुर्चीपर्यंत मात्र ओल्या पावलांचे ठसे. येतानाचे. परत जातानाचा एकही नाही.

देवराव इथं थांबतात. मग कोणीतरी पोरगं विचारतंच, ठसे उलटे होते ना?

"नाही गा," देवराव म्हणतात. "सरळ होते. आपल्या मायचे असतात तसे."