गोणपाटातला हात

"डोळे मीट! फसवायचं न्हाई!" अर्शिया ओरडली.

लुंबिनीने डोळे घट्ट मिटले आणि समोर बसलेल्या अमरेशचा हात चाचपला. तळवा समोर, बोटं वर. "अभयमुद्रा! भिऊ नका, असं म्हणणारा हात!"

"चूक! ह्यो ट्राफिक पोलीस हाय. थांबा म्हणून राहिला!" अमरेश खदाखदा हसला.

उदगीरच्या विहाराच्या पडवीत सुट्टीभर हाच खेळ रंगायचा. तो शिकवला होता लुंबिनीच्या जगदेवी आत्याने. आजारपणात आत्याची नजर गेली, तेव्हापासून ती सगळं हातांनीच ओळखायची. मांडीत तळव्यावर तळवा ठेवला की ध्यान. छातीशी दोन्ही हातांची बोटं जुळली की धर्मचक्र, म्हणजे शिकवणारे बुद्ध. आणि उजवा हात गुडघ्यावरून खाली, बोटं जमिनीकडे, म्हणजे भूमिस्पर्श. "माझ्या खरेपणाला ही धरती साक्षी हाय, असं सांगणारा हात," आत्या म्हणायची.

विहारात आजवर फक्त तसबीर होती. तिच्यावर बोटं फिरवून आत्याला नुसती काच लागायची. म्हणून नवी मूर्ती घ्यायचं ठरलं तेव्हा महिला मंडळाने हट्ट धरून भूमिस्पर्श मुद्राच मागितली. खाली आलेला तो हात मूर्तीच्या ओट्याशी बसलेल्या आत्याला सहज सापडणार होता. उद्या बुद्धपौर्णिमा! आत्याने पांढरं लुगडं कधीच काढून ठेवलं होतं.

तेवढ्यात टेम्पोचा हॉर्न वाजला.

"मूर्ती आली!" तिघंही धावत सुटली.

टेम्पो अमरेशच्या मल्लेश काकांचा होता. नांदेडच्या कारखान्यातून त्यांनी गोणपाटात शिवलेल्या दोन मूर्ती आणल्या होत्या. एक इथली, दुसरी देगलूरच्या विहाराची. विहारातल्या चौघा माणसांनी मिळून 'उदगीर' अशी चिठ्ठी लावलेली मूर्ती आत नेली.

"जय भीम, अध्यक्षसाहेब! घरी जाऊन जेवतो अन् लगेच देगलूरला निघतो," असं म्हणून मल्लेश काका गेलेसुद्धा.

विहाराचे अध्यक्ष धम्मानंद काका मोठे शिस्तीचे. "गोणपाटाला कुणी कात्री लावायची न्हाई! उद्या भन्तेजींसमोरच उघडायचं!" त्यांनी बजावलं.

कात्री कोण लावतंय! लुंबिनी नुसती बघत होती. गोणपाट छातीपाशी फुगलं होतं आणि गुडघ्यापाशी अगदी सपाट होतं. तिने हळूच हात फिरवला. छातीशी बोटं लागली. दोन्ही हातांची, जुळलेली!

"काका, ही आपली मूर्ती न्हाई!"

"काय बोलून राहिलीस? चिठ्ठी वाचता येत न्हाई का?"

"चिठ्ठी टेम्पोतल्या काळ्या चिकटपट्टीनं चिकटवली हाय," अर्शिया म्हणाली. "कारखान्यात तर सगळं सुतळीनं शिवलंय. मधे कुणीतरी घोळ घातलाय!"

"उन्हात खेळू नका म्हणतो ते उगीच न्हाई," काकांनी हात झटकला. "देगलूरवाले आज संध्याकाळीच मूर्ती सिमेंटात पक्की बसवणार हायत. उगाच खोळंबा नको."

लुंबिनीला रडूच फुटायचं बाकी होतं. एकदा सिमेंटात बसली की आत्याची मूर्ती कायमची गेली!

"लुंबे, रडू नको," अमरेश कानाशी पुटपुटला. "आमच्या घरी आज आमरस हाय. मल्लेश काकांना निघू देत न्हाई!" आणि तो पळाला.

लुंबिनीने डोळे पुसले. "धम्मानंद काका, गोणपाट उघडायचं न्हाई, हे कबूल. आमच्या खेळाचा एकच डाव खेळता? डोळे मिटायचे अन् हात लावायचा."

"मला काय लहान पोर समजलीस?"

"हरायला भिऊन राहिले वाटतं!" अर्शिया भिंतीला सांगितल्यासारखं बोलली.

मग काय! काकांनी चष्मा खिशात टाकला आणि डोळे मिटले. लुंबिनीने त्यांचा हात धरून गोणपाटावर ठेवला.

"ही... बोटं हायत. हीपण बोटंच! दोन्ही हात छातीशी!"

"आता गुडघा बघा. आपल्या मूर्तीचा हात तिथं पायजे."

काकांनी चाचपलं, पुन्हा चाचपलं. गुडघा मोकळाच होता. त्यांनी खाडकन डोळे उघडले. "अरे बापरे! चला, पळा!"

शेजारच्याच गल्लीत मल्लेश काकांच्या दारात टेम्पो उभा होता आणि घरातून घोरण्याचा आवाज येत होता. अमरेश दारातच भेटला. "एक वाटी झाली की दुसरी! शेवटी आडवेच झाले!"

लुंबिनी टेम्पोत चढली. गोणपाटावरून तिची बोटं खांद्यापासून दंडावर, दंडावरून कोपरावर, आणि मग गुडघ्यावरून खाली खाली गेली. "सापडला! आत्याचा हात सापडला!"

मल्लेश काका डोळे चोळत आले. "मुखेडपाशी वाऱ्यानं चिठ्ठ्या सुटल्या, त्या मीच चिकटवल्या. दोन्ही बुद्धच की! फरक काय पडतो?"

"लई फरक पडतो!" लुंबिनी म्हणाली. "रस्त्यात कुणी 'ये' म्हणून हात केला अन् कुणी 'थांब' म्हणून, तर टेम्पो सारखाच चालवता का?"

मल्लेश काका डोकं खाजवू लागले. धम्मानंद काकांनी देगलूरला फोन लावला. तिकडे विहारात मुलांचा अभ्यासवर्ग चालायचा, म्हणून त्यांनी शिकवणारे बुद्ध मागितले होते. लगेच मूर्तींची अदलाबदल झाली.

दुसऱ्या दिवशी भन्तेजींनी गोणपाट उतरवलं. लुंबिनीने आत्याला ओट्याशी बसवलं. आत्याची बोटं दगडी मनगटावरून उतरत टोकापर्यंत गेली आणि तिथेच थांबली. मग तिने आपलाही तळवा शेजारी टेकवला. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. लुंबिनीला इतका आनंद कधीच झाला नव्हता.

धम्मानंद काका उभे राहिले. "मी डोळे उघडे ठेवून नुसती चिठ्ठी वाचली. मूर्ती ओळखली या तिघांनी! साधु, साधु, साधु!" सगळ्या विहाराने टाळ्या वाजवल्या. सगळ्यात जोरात मल्लेश काकांनी.

"लुंबे, डोळे मीट," आत्या म्हणाली.

लुंबिनीने डोळे मिटले. डोक्यावर एक हात अलगद टेकला.

"सांग, ही कोणती मुद्रा?"

"ही तू शिकवलीच न्हाईस!" लुंबिनी कशीबशी बोलली.

"आत्या, मलापण कळंना," अमरेश पुढे सरकत म्हणाला. "माझ्या डोक्यावर ठेवून बघा की!"